भरतीच्या साहेबाची चौकशी

आमची ही गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी गवार मोडली. शेवटचं म्हणून सांगायचं तर एवढंच. अमेरिकेत अ‍ॅशबर्नला पोराच्या घरी स्वयंपाकघरात मधोमध दगडाचा ओटा आहे आणि त्याच्याभोवती उंच स्टुलं. त्या स्टुलावर बसलं की माझे पाय लोंबकळतात आणि शाळेतल्या पोरासारखं वाटतं, म्हणून मी उभ्यानंच मोडत होतो. ती बसली होती. तिच्या उजव्या पायाला साखरेची जखम होती, महिना झाला तरी भरत नव्हती.

गवार तिनंच आणली होती. नातीची शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती, तिच्या गाडीतून दोघी देशी दुकानात गेल्या. दुकान दहा मिनिटांवर. दीडला गेल्या आणि साडेतीनला आल्या. मी विचारलं, गवारीला दोन तास?

"लाईन होती," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी त्या दुकानात माशी नसते. मी मनात लिहून ठेवलं. माझी सवयच तशी.

मोडता मोडता तिनं मध्येच विचारलं, "आपण लोकांची किती स्थळं बघितली असतील हो?"

"पन्नासेक."

"आणि चुकली किती?"

"एक. तेवढं बास झालं," मी म्हणालो. जरा तोडूनच म्हणालो.

मी शिरा नीट काढत नाही म्हणून माझ्या वाटच्या शेंगा तिनं परत एकदा तपासल्या. रात्री भाजी जेवलो. सकाळी चहा ठेवायला उठली, डोकं दुखतंय म्हणून जिथल्या तिथं खाली बसली, आणि बारा वाजायच्या आत हॉस्पिटलात सगळं संपलं. एकोणपन्नास वर्षांचा संसार. त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही. सातवी शिकलेला माणूस, तसलं लिहायला मला जमतही नाही.

स्थळांचं मात्र सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी साताऱ्याकडचा. चौतीस वर्षं सरकारी लाल गाडी चालवली. ड्रायव्हरच्या नजरेखालून रोज वीस गावं जातात, म्हणून भावकीत कुणाच्या पोरीचं जमायला लागलं की माणसं माझ्याकडं यायची. ते गाव तुझ्या वाटेवर आहे, जरा चौकशी कर. मी करायचो. शेजाऱ्याला कधी विचारायचं नाही. शेजारी एकतर भांडलेला असतो नाहीतर मिंधा असतो. विचारायचं न्हाव्याला, चहावाल्याला, पिठाच्या गिरणीत. घरी जायचं ते न सांगता आणि जेवणाच्या वेळेला. मी बाहेर बसून पुरुषांची ताटं बघायचो. ही आत चुलीपाशी बसायची आणि थोरल्या सुनेच्या ताटात काय आहे ते बघायची. घरी येताना ती एकच गोष्ट सांगायची, आणि ती माझ्या सगळ्या चौकशीपेक्षा जड भरायची. मग मी निकाल द्यायचो. निकालाचे शब्द दोनच. "हरकत नाही," नाहीतर "राहू द्या." कारण कुणी विचारायचं नाही.

चुकलं ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोरीचं. ही तेव्हा माहेरी होती. मी एकटाच गेलो, आणि गाढवासारखा आधी निरोप धाडून गेलो. अंगण सारवलेलं, सून हसरी, चहा नव्या कपबशीत. मी म्हणालो हरकत नाही. दोन वर्षांनी भाची परत आली तेव्हा तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. बहिणीनं मला तोंडानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून समोरचा गोड बोलायला लागला की मी त्याचे हात बघतो. पोरगा म्हणतो आबा फार निगेटिव्ह आहेत. असू दे.

हिच्या तेराव्यानंतर भांडी लावताना एक डबा कमी दिसला. स्टीलचा, कडीचा, झाकणावर माझं नाव आणि आमच्या लग्नाचं साल कोरलेला. इकडं येताना तिनं बॅगेत कपडे कमी आणि भांडी जास्त भरली होती, त्यातला. सूनबाई जुन्या वस्तू पेटीत भरून दान करते, मला वाटलं त्यातच गेला. मी तिला एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती रडली. तरी माझी खात्री होती.

आणि एप्रिलमध्ये एका रविवारी जेवताना नातीनं सांगितलं की तिला फौजेत जायचंय. आर्मीत. शाळा जूनमध्ये संपली की लगेच. जखमी सैनिकांची मलमपट्टी करतात ते काम तिला पाहिजे होतं. आजीच्या पायाची पट्टी रोज तीच बदलायची. न किळसता बदलायची, हे मी बघितलं होतं. पण पोरगी सतराची. अठरा पुरी व्हायच्या आत जायचं तर आईबापाची सही लागते, म्हणून घरात सांगावं लागलं.

पोरानं चमचा खाली ठेवला. "अ‍ॅब्सोल्यूटली नॉट. आम्ही इथं कशासाठी आलो? ह्यासाठी?"

"यू डोन्ट इव्हन नो काय आहे ते," ती म्हणाली.

"कॉलेज आहे ना? पैसे मी भरतोय ना?"

"बाबा, पैशांचं नाहीये. मला तुमच्यासारखं दिवसभर स्क्रीनकडे बघायचं नाहीये. मला हातानं करायचं काम पाहिजे."

सूनबाईनं ताटं उचलली, अर्धी भरलेली.

मला फौजेचं काही वाईट वाटत नाही. आमच्याकडं एकेका घरात तीन पिढ्या फौजेत आहेत. पण आमच्याकडची भरती मला माहीत आहे. पहाटे हजार पोरं मैदानावर, छातीवर पेनानं नंबर टाकलेला, पळून पळून रक्त ओकायची वेळ, आणि घेणार शंभर. मीही पळालो होतो. छाती अर्धा इंच कमी भरली. तिथं पोरं फौजेच्या पाया पडतात. इथं उलटं. इथं फौजेचा साहेब दुकानांच्या रांगेत गाळा घेऊन बसतो, नखं रंगवायच्या दुकानाला लागून, आणि काचेवर चित्रं लावतो. सतरा वर्षांच्या पोरीला मॅडम म्हणतो. पाण्याची बाटली फुकट देतो, किल्लीला लावायची साखळी फुकट देतो. ज्या दारात गर्दी नाही, तिथं मालक दारात उभा राहून हाका का मारतो, हे आधी बघावं.

डाव्या हाताच्या घरात एक गोरा म्हातारा राहतो, माझ्याच वयाचा, तोही बायको गेलेला. दोघं कुंपणापाशी उभे राहतो, माझं इंग्रजी तुटकं, त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळं बरं जमतं. त्याला मी पोरीचं सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या तरुणपणी इथं सक्ती होती. जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढायचे. ज्याची तारीख निघाली त्याला पत्र. त्याची निघाली. पुढं सक्ती उठली, आणि तेव्हापासून फौजेला माणसं शोधावी लागतात, पगारावर, बोलून बोलून.

"आमच्याशी कुणी गोड बोललं नाही," तो म्हणाला. "नुसतं पत्र आलं. पत्र खोटं बोलत नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

सोमवारी संध्याकाळी पोरगा गॅरेजमध्ये माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आबा, ती माझं ऐकत नाहीये. मी नाही म्हटलं तर वाढदिवसाला ती स्वतःच सही करेल आणि परत घरी फोन करणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही नाही म्हणा."

"चौकशी केल्याशिवाय मी कशालाच नाही म्हटलेलं नाही."

"मग करा चौकशी. पण शेवटी नाही म्हणा."

"आणि हरकत नाही म्हणालो तर?"

तो हसला. "तुम्ही? बरं, तुम्ही तसं म्हणालात तर मी सही करतो."

म्हणजे पोरगी जाणार की राहणार ते माझ्या दोन शब्दांवर आलं. खरं सांगतो, मला ती जायला नको होती. त्या घरात दुपारी माझ्याशी बोलणारी दोनच माणसं होती, त्यातलं एक गेलं होतं. पण हे मी पोरीला सांगितलं नाही. मला खोट सापडेलच, असं मी धरून चाललो होतो.

मंगळवारी अकरा वाजता पोरानं कामावर जाताना मला प्लाझात, त्या दुकानांच्या आवारात, सोडलं. मी सांगितलं देशी दुकानात बसतो, वेळ जात नाही घरी. देशी दुकानाच्या बाहेर एक लोखंडी बाक आहे, आणि त्याच्या बरोबर समोर, गाड्या लावायच्या जागेपलीकडं, भरतीचा गाळा. मी कानटोपी घालून बसलो. एप्रिल असला तरी वारा गार होता. बरोबर साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी, त्यात चहाचा थर्मास आणि एक जुनी डायरी. कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, कशा तोंडानं आलं, ते मी लिहायचो. ड्रायव्हरला वेळा लिहायची सवय असते.

साहेब तिशीचा असेल. कपड्याला इस्त्री कडक, बूट वरून चकचकीत, पण टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या. म्हणजे चालणं फार. जेवायला बारा-एकच्या सुमाराला कागदाच्या ग्लासातल्या शेवया, उभ्यानं, भिंतीवरच्या फळ्याकडं बघत. फळ्यावर लोहचुंबकाच्या सोंगट्या होत्या, रोज संध्याकाळी तो त्या सरकवायचा. बुधवारी एक पोरगा आत गेला तो चार मिनिटांत बाटली घेऊन बाहेर आला आणि बाटली कचऱ्यात टाकून गेला. दुसरा आईबरोबर आला. आई बाहेर येऊन गाडीत बसून राहिली, गाडी चालू करीना. त्याच दिवशी साहेब फोनवर कुणाशी तरी भांडत बाहेर आला. कपाळाला हात लावून पाच मिनिटं फेऱ्या मारत होता. बायको असणार. वरचा साहेब असता तर ताठ उभा राहिला असता.

देशी दुकानाच्या मालकाला विचारलं. तो नागपूरकडचा. म्हणाला, "काका, माणूस बरा आहे. शुक्रवारी समोसे घेतो. पण दोन-तीन वर्षांनी बदलतो यार तिथला माणूस. ह्याच्या आधीचा वेगळा होता."

मला पाहिजे होती तशी खोट हीच. सही घेणारा एक आणि पोरगी सांभाळणारा दुसराच. म्हणजे ज्या कर्त्याकडं बघून पोरगी द्यायची, तो उद्या त्या घरात नसणार. शुक्रवारी मी निकाल ठरवूनच बाकावर बसलो. राहू द्या.

सव्वाबारा झाले होते. पोलिसांची गाडी आली आणि सरळ माझ्यासमोर थांबली. दोघं उतरले. एकानं काहीतरी विचारलं, आवाज चढा नव्हता, पण हात कमरेच्या पट्ट्याला होता. मला कळलं नाही. मी म्हणालो, सन, सन, म्हणजे माझा मुलगा येतोय न्यायला. त्यानं डायरीकडं बोट दाखवलं. मग पिशवीकडं. मला वाटलं पिशवीत काय आहे ते विचारतोय, म्हणून थर्मास काढून दाखवायला मी पिशवीत हात घातला.

दुसरा ओरडला. तसला आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, घाटात ब्रेक गेला तेव्हा माझ्या कंडक्टरचा. हात तसाच पिशवीत ठेवून मी गोठलो.

तेवढ्यात समोरून साहेब पळत आला. डोक्यावर टोपी नाही, एका हातात तो शेवयांचा ग्लास. लांबूनच हात वर करून काहीतरी ओरडत होता. त्यातला एक शब्द मला येतो. फॅमिली. पोलिसांशी तो बराच वेळ बोलला. डायरी उघडून बघितली त्यांनी, मराठीत आकडे आणि वेळा, त्यांना काय कळणार. नखांच्या दुकानातल्या कुणीतरी फोन केला होता म्हणे, एक माणूस चार दिवस फौजेच्या दारावर पाळत ठेवून आहे. खोटं नव्हतंच ते.

साहेबानं मला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाण्याची बाटली दिली. तीच फुकटची. झाकणही त्यानंच उघडलं. त्यानं नातीला फोन लावला. ती अर्ध्या तासात आली, शाळेतून, तोंड पांढरं पडलेलं. मला बघून आधी रडली आणि मग माझ्यावरच चिडली.

"आबा, दे कुड हॅव शॉट यू. का बसला होता तिथं?"

"चौकशीला."

साहेब काहीतरी बोलला आणि हसला. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि खुर्चीत बसली.

"तो म्हणतोय, त्याला मंगळवारीच कळलं होतं तुम्ही कोण ते. आजीनं सांगून ठेवलं होतं."

"कोणत्या आजीनं?"

"आबा, आजीनं. आपल्या. ती आली होती इथं, माझ्याबरोबर. त्या दिवशी, गवार आणायला गेलो तेव्हा. ह्याच चेअरवर बसली होती." मग तिनं हिच्या आवाजात म्हणून दाखवलं, "'आमचे हे येतील. न सांगता येतील, जेवणाच्या वेळेला. समोर बसतील. त्यांना हटकू नका.'"

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? दुःख नाही. राग आला. म्हणजे ह्याला आधीच निरोप होता. म्हणजे चार दिवस मी बघितलं ते सगळं सारवलेलं अंगण. परत तेच. आणि निरोप धाडणारी कोण, तर माझीच बायको. मग दुसरी शंका आली. मेलेल्या माणसाची साक्ष काढणं सोपं असतं, ते काही उलटून बोलत नाही. इथं दुभाषी पोरगी आणि नवरीही पोरगीच. साहेब काय बोलतो आणि ती मला काय सांगते, कुणी बघितलंय?

ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. साहेब उठला, मागच्या कपाटातून डबा आणून त्यानं माझ्यासमोर ठेवला. कडीचा डबा. झाकणावर माझं नाव.

आत त्या किल्लीच्या साखळ्या होत्या आणि चांदीच्या कागदातली चॉकलेटं. ही कुणाच्या दारी रिकाम्या हातानं कधी गेली नाही. शेंगदाण्याचे लाडू नेले होते तिनं. साहेबानं दोन दिवसांत खाल्ले, मग डबा कसा पोचवायचा विचारणार होता, तोवर पोरीनं सांगितलं की आजी गेली, आणि त्याला विचारायची लाज वाटली. रिकामा राहायला नको म्हणून त्यात असलं नसलं ठेवलं होतं. डबा रिकामा परत करू नये, हे त्याला कुणी शिकवलं मला माहीत नाही. पोरीनंच शिकवलं असेल.

"तिनं काय विचारलं ह्याला?" मी म्हणालो.

"एकच क्वेश्चन. सणाला पाठवता का."

मला हसू आलं. पन्नास घरांत आत चुलीपाशी बसून तिनं हेच विचारलं होतं. पोरीला सणाला माहेरी पाठवता का? सगळे म्हणायचे, पाठवतो की, न पाठवायला काय झालं. तेव्हा ती थोरल्या सुनेच्या तोंडाकडं बघायची.

"आणि हा काय म्हणाला?"

"नाही म्हणाला. पहिले दहा आठवडे तर फोन पण नीट नाही. मग ट्रेनिंग. दिवाळीला येईन असं प्रॉमिस नाही, कदाचित दोन दिवाळ्या नाही. गाडीत बसल्यावर आजी म्हणाली, 'नाही म्हणाला. माणूस बरा आहे.' आणि म्हणाली, आबांना मी सांगते, आज गवार मोडताना. हातात काम असलं की ते कमी ओरडतात."

मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. ती सांगायलाच बसली होती. किती स्थळं बघितली हो, किती चुकली. आणि मी म्हणालो, तेवढं बास झालं.

मी पोरीला म्हणालो, साहेबाला नीट सांग, एक शब्द कमीजास्त करू नको. मग त्याला विचारलं, "तू पुढच्या वर्षी इथं असणार का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, त्याची बदली येत्या हिवाळ्यात आहे. त्याच्या पोरीला त्यानं आठ महिन्यांत चारदा बघितलंय. फळ्याकडं बोट दाखवून म्हणाला की तोही मोजला जातो, दर महिन्याला किती पोरं भरली त्यावर. हे मला सांगायची त्याला काही गरज नव्हती. आणि मला चार दिवस दिसलं होतं ते आठवलं. शेवया, फोनवरचं भांडण, कचऱ्यात टाकलेली बाटली. कुणीतरी बघतंय हे माहीत असूनही त्यानं काही झाकलं नव्हतं. अंगण सारवायलाही वेळ नसलेला माणूस तो. पण म्हणून मी विश्वास ठेवला असं नाही. थकलेला माणूसही खोटं बोलतो, थकलेला तर जास्त. मी म्हणालो कागद दे. सगळे कागद.

रविवारी त्या दगडाच्या ओट्यावर कागद मांडले. दुभाषी मी बदलला. शेजारचा गोरा म्हातारा मोठ्यानं वाचायचा, बोट ठेवून, आणि पोरगा मला सांगायचा. पोरगी पलीकडं उभी, तिला मधे बोलायचं नाही अशी अट. सहाव्या-सातव्या पानाला म्हातारा थांबला. परत मागं गेला.

"मलमपट्टीचं काम तिला मिळणार, हे कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं. साहेब तोंडी बोलला होता. कागदावर नुसतं फौजेत जाणार एवढंच.

"कागदावर नाही ते नाही," म्हातारा म्हणाला. "हे मी शिकलो तेव्हा घरापासून फार लांब होतो."

पोराचं तोंड उजळलं. पोरीचं उतरलं. सोमवारी ती आणि मी परत गेलो, न सांगता, एकच्या सुमाराला. साहेबानं कागद बघितला, कान खाजवला, आणि म्हणाला, खरंच, नाहीये. हा नुसता कच्चा कागद, पक्क्यात कामाचं नाव असतं, म्हणाला. असेल. मी म्हणालो, पक्का दिसेपर्यंत मी इथून उठत नाही. तो म्हणाला, ते त्याला माहीत आहे. गुरुवारी पक्का कागद आला, कामाच्या नावासकट. म्हाताऱ्यानं दोनदा वाचला.

त्याच संध्याकाळी पोरानं विचारलं. ओट्याभोवती सगळे होते.

"हां, आबा. सांगा."

"हरकत नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. "आय आस्क्ड यू फॉर वन थिंग. आबा, तुमचा त्या माणसावर विश्वास तरी आहे का?"

"नाही."

"मग? एकट्यानं कसं ठरवलंत तुम्ही?"

"एकट्यानं नाही," मी म्हणालो. "आतली बाजू आधीच बघून झाली होती."

त्याला काही कळलं नाही, पोरीनं मग सांगितलं. लाडवांचं, खुर्चीचं, सणाच्या प्रश्नाचं. तो ओट्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. सूनबाईनं डबा हातात घेतला, झाकणावरचं नाव पुसलं आणि माझ्याकडं न बघता रॅकवर ठेवला. मी तिला म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, "जाऊ द्या आबा." मग तिनंच पेन काढलं आणि पहिली सही केली. पोरानं नंतर केली.

पोरगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "आबा, यू आर ओके?"

"दिवाळीला यायचं बघ," मी म्हणालो.

"प्रॉमिस नाही."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॅकवरून डबा घेतला, पिशवीत टाकला, आणि पोराबरोबर प्लाझात गेलो. देशी दुकानात अर्धा पाउंड गवार घेतली, कोवळी बघून, एकेक शेंग वाकवून. मालक म्हणाला, काका, झालं ना काम? मी म्हणालो, पोरगी दिली म्हणजे काम संपत नाही. बाहेर बाकावर बसलो. समोर साहेबानं दार उघडलं, मला बघितलं आणि हात वर केला. मी नाही केला. डबा मांडीत धरला आणि गवार मोडायला घेतली. शिरा नीट काढल्या, दोन्ही बाजूंच्या.